आणखी एका ठरावाची गोष्ट: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

म्यानमार सीमेवर कुंपण घालू नये आणि सीमेपलीकडे ये-जा करण्याची मुभा काढून घेऊ नये, असा ठराव मिझोराम विधानसभेने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी संमत केला. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे आइझॉलमध्ये राहिलो आहे. ती बातमी वाचली आणि मला तिथलाच एक जुना ठराव आठवला. त्याविषयी आपल्याला लिहावे म्हणून हे पत्र.

मिझो टेकड्यांत ‘माउताक’ नावाचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच आणि सगळीकडे एकाच सुमारास फुलतो. त्याला नासपतीच्या आकाराची गरदार फळे धरतात, ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळे संपली की रातोरात झूम (डोंगरउतारावरच्या फिरत्या) शेतीतल्या उभ्या भातावर तुटून पडतात. या दुष्काळाला तिथे ‘माउताम’ म्हणतात. बांबू फुलला की दुष्काळ येतो, हे आपल्याकडचे जाणतेही सांगत आले आहेत. मिझो वृद्धांनी तर १९११ चा माउताम स्वतः भोगलेला होता. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. म्हणूनच ऑक्टोबर १९५८ मध्ये तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेने ठराव करून येऊ घातलेल्या दुष्काळाची सूचना दिली आणि मदतकार्यासाठी आसाम सरकारकडे १५ लाख रुपये मागितले. आदिवासींची अंधश्रद्धा समजून शिलाँगने, म्हणजे आसामच्या तेव्हाच्या राजधानीने, ती मागणी फेटाळली. पुढच्याच वर्षी माउताम आला.

धान्य पाठीवर वाहून दूरच्या गावांत पोहोचवले ते मिझो तरुणांनी. त्यासाठी उभ्या राहिलेल्या दुष्काळ निवारण संघटनेचे नेते लालडेंगा हे त्याच जिल्हा परिषदेत कारकुनी केलेले गृहस्थ, आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये तिचेच रूपांतर मिझो नॅशनल फ्रंट या स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणाऱ्या पक्षात झाले. दरम्यान आसामने असमियाला राजभाषा केल्याने दुरावा वाढलाच होता. पण माझ्या मते मन तुटले ते १९५९ मध्येच, भुकेपेक्षाही ‘आमचे सांगणे कोणी खरे मानले नाही’ या अपमानाने.

या फ्रंटने १९६६ मध्ये केलेल्या सशस्त्र उठावाचे मी समर्थन करत नाही. मात्र त्यानंतर ५ मार्चला आइझॉलवर आपल्याच वायुदलाची विमाने बाँब टाकून गेली आणि १९६७ पासून शेकडो गावे उठवून लोकांना रस्त्याकडेच्या पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंबण्यात आले. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा लहान होत्या. पाठीवर मावेल तेवढेच घेऊन निघायचे होते, आणि वळून पाहिले तेव्हा घर नि भाताचे कोठार दोन्ही पेटलेली होती, एवढेच त्या सांगत. पुढचे कधी बोलल्या नाहीत. रोज भात शिजवण्यापूर्वी त्या मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळे काढून ठेवत. बहुतेक मिझो घरांत ही रीत आहे. तांदळाच्या मुठीची किंमत जाणणाऱ्या या माणसांना कोणी फुटीर म्हटले की मला फार यातना होतात.

फ्रंटशी झालेला ३० जून १९८६ चा शांतता करार टिकला आणि मिझोराम आज ईशान्येतल्या शांत राज्यांपैकी एक आहे, तो दिल्ली अखेर समोर बसून बोलली म्हणून. २००७ चा माउताम येण्याआधी तर शासनाने योजना आखून तयारी केली होती.

मिझोरामची म्यानमारशी ५१० किलोमीटरची सीमा आहे. मिझोंच्या लोकश्रद्धेत मृतात्मे ज्या रिह सरोवरावरून पुढे जातात, ते सरोवर झोखावथार या सीमेवरच्या गावातल्या पुलापासून जवळच, पण म्यानमारमध्ये आहे. पलीकडच्या चिन लोकांना मिझो आपले भाऊबंद मानतात, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर आलेल्या हजारो निर्वासितांना त्यांनी त्याच नात्याने आसरा दिला. शस्त्रे आणि अमली पदार्थांच्या तस्करीची आपली चिंता खोटी नाही. ती तिथल्या लोकांनाही आहे, कारण व्यसनात मुले त्यांचीच जातात.

माझी विनंती एवढीच आहे की, कुंपणाचे काम पुढे नेण्याआधी आपण सीमाभागातल्या चम्फाई आणि झोखावथारला जाऊन ग्रामपरिषदांशी बोलावे, आणि विधानसभेच्या ठरावाला मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. पण ते कारणांसह असावे आणि मिझो भाषेतही छापले जावे.

आपला नम्र,
आइझॉलमध्ये राहून आलेला एक मराठी नागरिक