‘गेमिंग’ छापता, मग जनरेशन आणि वॅटही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत हल्ली वरचेवर एक चौकट असते. ‘गेमिंग पीसी फक्त 18,500 रुपयांत! आय फाइव्ह प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड, 450 वॅट, आरजीबी लाइट.’ दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण अशी चौकट एकाच दुकानाची नसते आणि ऑनलाइनवर तर त्यांचा सुळसुळाट आहे. आमच्या जावयांनी नातवाचा डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा असाच एक संच घेतला. मी वीज मंडळातला निवृत्त वायरमन. कॉम्प्युटर हा माझा प्रांत नाही, पण वॅट, अँपिअर आणि वायरचं गेज यांत हयात गेली. त्या अधिकाराने हे लिहितो आहे.

संच घरी आला तेव्हा झकास दिसत होता. काचेच्या दारातून लाल-निळे पंखे फिरताना दिसायचे, शेजारची पोरं बघायला यायची. व्हॅलोरंट नावाचा खेळ मात्र सुरूच होईना. पडद्यावर ‘व्हॅन 9001’ असा शेरा यायचा. जीटीए फाइव्ह सुरू व्हायचा, पण गाडी वळवली की चित्र जागच्या जागी थबकायचं. दुकानदाराचा सल्ला ठरलेला होता: ‘मोठं कार्ड टाका, मग बघा कसा पळतो.’ जीटीएक्स 1660 सुपर नावाचं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) त्याच्याकडेच तयार होतं. नातू माझ्याकडे आला, ‘आबा, टाकायचं का?’ मी म्हटलं, आधी झाकण काढ.

जाहिरातीतला एकही शब्द खोटा नव्हता, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. इंटेलचा आय फाइव्ह प्रोसेसर होता, पण तो 3470, म्हणजे तिसऱ्या जनरेशनचा (पिढीचा), 2012 सालचा. ‘आय फाइव्ह’ हे घराण्याचं नाव झालं. त्यात 2012 चाही येतो आणि 2022 चाही. ग्राफिक्स कार्ड 4 जीबीचं होतं, पण ते जीटी 730, आणि त्यातली मेमरी जुन्या प्रकारची, 64 बिटची डीडीआर3. हे कार्ड 2014 मध्ये बाजारात आलं. त्याच्या मेमरीतून सेकंदाला जेमतेम 14 जीबी माहिती ये-जा करते. जीटीएक्स 1650 हे 2019 चं, आजच्या हिशेबाने साधंच कार्ड. त्यावरही 4 जीबीच लिहिलेलं असतं, पण ये-जा सेकंदाला 128 जीबीची. आकडा तोच आणि वेग नऊपट. बाप बिचारा 4 जीबी वाचतो आणि पैसे मोजतो.

रॅम 16 जीबी होती, तीही डीडीआर3, आणि मदरबोर्डावरच्या (सगळे भाग जिथे जोडतात त्या पाटीवरच्या) दोन्ही जागा भरलेल्या. त्या बोर्डाची मर्यादाही 16 चीच. म्हणजे पुढे वाढवायला वावच नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा. चारचौघांत याचं नावही कोणी काढत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डब्यावर ठळक अक्षरात 450 वॅट छापलं होतं. त्याच स्टिकरवर खाली बारीक अक्षरांचा तक्ता असतो, तो चष्मा लावून वाचावा लागतो. त्यात 3.3, 5 आणि 12 व्होल्टचे वेगवेगळे अँपिअर दिलेले असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपला जवळजवळ सगळा भार 12 व्होल्टवर टाकतात, त्यामुळे तोच आकडा कामाचा. आमच्या डब्यावर तिथे 14 अँपिअर होते. 12 गुणिले 14, म्हणजे 168 वॅट. प्रोसेसर 77 वॅटचा आणि दुकानदार सुचवत होता ते कार्ड 125 वॅटचं. बेरीज 202. पंखे, डिस्क, मदरबोर्ड अजून धरलेच नाहीत. घराचा मंजूर भार न बघता कोणी दोन एसी बसवले, तर वायरमन त्याला काय म्हणेल? मी नातवाला तेच म्हटलं. इथे छापता येणार नाही.

कार्डाला 8 पिनांची वेगळी वायर लागते, ती आमच्या एसएमपीएसला नव्हतीच. त्यावरही दुकानदाराकडे उपाय होता: दोनशे रुपयांचा कनव्हर्टर, हार्डडिस्कच्या साटा पिनेतून कार्डाला वीज काढून देणारा. साटाच्या त्या पिनांमधून 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे 54 वॅट काढायला परवानगी असते. साधी 6 पिनांची वायर 75 वॅटसाठी असते आणि 8 पिनांची 150 साठी. 54 च्या तोंडातून त्याहून जास्त ओढले की प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं. मी त्या वायरी बोटांत धरून पाहिल्या. चांगल्या एसएमपीएसमध्ये 18 गेजची वायर असते, ही त्याहून बारीक होती, आणि तांबं किती असेल याची मला शंकाच आली. डबा हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. एसएमपीएस हलका लागला की समजावं, आत फिल्टर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) यांवर काटकसर झाली आहे.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळ घरांतून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, ‘कॉम्प्युटर शॉक मारतोय.’ बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरचा नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडासा करंट पत्र्यावर सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. घरातल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये खुपसला असेल, तर तो तुमच्या बोटातून जातो. हजारो रुपयांचं कार्ड बसवण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. वायरमन फार पैसे घेत नाहीत.

शेवटी त्या संचात एक रुपयाही घालायचा नाही असं आम्ही ठरवलं. तो आता नातवाच्या आईच्या शिवणकामाच्या हिशेबाला आहे आणि तिथे उत्तम चालतो. नातवासाठी पुण्यातून कंपनीच्या लॉटमधला जुना ऑफिस कॉम्प्युटर आणला. प्रोसेसर आय5-8500, म्हणजे आठव्या जनरेशनचा, 2018 चा, सहा कोअरचा, 65 वॅटचा. लाइट-बिट काही नाही, काळा ठोकळा. नातवाचं तोंड उतरलं होतं, ते पहिले एक-दोन दिवस.

ऑफिसच्या मशीनला वाढवायचं तर तिचे नखरे आधी ठाऊक हवेत. पहिला म्हणजे आकार. त्याच मॉडेलचे टॉवर, स्लिम आणि डब्याएवढे छोटे असे प्रकार मिळतात. स्लिममध्ये फक्त कमी उंचीचं कार्ड बसतं, ते शोधावं लागतं आणि महागही पडतं. छोट्यात तर कार्ड बसतच नाही. म्हणून टॉवरच घ्यावा. दुसरा नखरा एसएमपीएसचा. नेहमीच्या मदरबोर्डाला 24 पिनांचा प्लग असतो, पण अनेक कंपन्या आपला वेगळाच प्लग लावतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स 9020 ला 8 पिनांचा आहे. बाजारातला एसएमपीएस आणून थेट लावता येत नाही, मधे कनव्हर्टर वायर लागते. मूळ एसएमपीएस मात्र बहुधा दणकट असतो. आमच्या मशीनचा 260 वॅटचा आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे वॅट 12 व्होल्टवर मिळतात. छापलेले 260 हे छापलेल्या 450 पेक्षा जास्त निघाले, हे बघून माझी मलाच गंमत वाटली.

कार्ड निवडायचं तर मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेणारं. त्या खाचेतून 75 वॅटपर्यंत मिळतात. जीटीएक्स 1650 बरोबर 75 चं आहे, पण त्यातही काही मॉडेलना वरून 6 पिनांची वायर लागते, तेव्हा पाहून घ्यावं. नवं हवं तर आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं मॉडेल 70 वॅटमध्ये आहे. एएमडी कंपनीचं आरएक्स 6400 आणखी कमी, 53 वॅट घेतं. मात्र ते चारच लेनवर (मदरबोर्डाशी माहिती ये-जा करायच्या वाटांवर) चालतं, आणि आठव्या जनरेशनसारख्या जुन्या बोर्डावर त्याचा दम तुटतो. आम्ही सेकंडहँड 1650 घेतलं, एका पंख्याचं, आखूड. लांब कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडलं असतं. प्रोसेसरचे 65, कार्डाचे 75, बाकी किरकोळ 40 धरले तरी 180, आणि पुरवठा 260 चा. झोप लागते अशा हिशेबाने.

मशीनमध्ये 8 जीबीची एकच रॅम स्टिक होती. तिच्या जोडीला तशीच दुसरी घातली. त्यामुळे नुसती 16 जीबी झाली असं नाही, तर दोन्ही स्टिक दोन वाटांनी एकदम काम करू लागल्या आणि मधले झटके गेले. तिलाच जास्त पैसे पडले, कारण 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी विकण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसतो. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ या नावाने सामान्य गिऱ्हाइकाला रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा जुनी रॅम कोणी भंगारात टाकू नये.

आता व्हॅलोरंट सेकंदाला शंभराच्या वर फ्रेमने (चित्रांनी) पळतो आणि जीटीएची गाडी थांबत नाही. इंडियाना जोन्स किंवा डूमचा 2025 मधला भाग यांसारखे खेळ या कार्डावर चालणार नाहीत, त्यांना रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणारं, हार्डवेअर लागतं. ते नातवाला आधीच सांगून ठेवलं आहे.

‘व्हॅन 9001’चं कोडंही सुटलं. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून दुकानदारांनी जुन्या मशीनवर विंडोज 11 आडमार्गाने चढवायला सुरुवात केली. विंडोज 11 ला रीतसर टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंटची खेळात लबाडी करणाऱ्यांना पकडणारी यंत्रणाही विंडोज 11 वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आहे का ते बघते. 2012 च्या मशीनला ते कुठून आणायचं? ‘विंडोज 11 सह गेमिंग पीसी’ असं छापणाऱ्याला हे ठाऊक असतं.

पोरांना खेळायला कॉम्प्युटर हवाच कशाला, असं पत्र यावर कोणीतरी पाठवील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळांना, मान्यता दिली. तेव्हा सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत. शिवाय आमच्या नातवाने या खटाटोपात व्होल्ट, अँपिअर आणि वॅटचा हिशेब कॉलेजआधी घरी शिकला.

मुद्द्याची मागणी अशी. फ्रीज आणि एसीवर तारे छापलेले असतात, मग ‘गेमिंग’ म्हणून विकलेल्या कॉम्प्युटरच्या जाहिरातीत आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅमचा प्रकार आणि रिकाम्या जागा, कार्डाचं पूर्ण नाव, 12 व्होल्टचे अँपिअर आणि कार्डासाठी जादा पिना आहेत की नाहीत एवढं असावं. ‘आय5-8500, टॉवर, डीडीआर4 8 जीबी, एक जागा रिकामी, 12 व्होल्टला 21 अँपिअर, जादा पिन नाही.’ बस, दोन ओळींत मावतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली होती. त्यांत डेस्कटॉपचं नाव असायला हवं, आणि दुरुस्तीइतकाच वाढवण्याचाही विचार व्हावा. प्लग मुद्दाम वेगळा ठेवणाऱ्या कंपन्यांना निदान तो डब्यावर जाहीर करायला लावता येईल.

आणि एक आपल्याकडेही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि छापणाऱ्यालाही तो लागू शकतो. नेहमीच्या कामाच्या ओघात छापली असेल तर प्रकाशकाला सूट मिळते, हेही वाचलं आहे. तरी आपल्या जाहिरात विभागाने चौकट घेताना ‘आय फाइव्ह कितवा?’ एवढं दुकानदाराला विचारावं. उत्तर आलं नाही तर ‘गेमिंग’ हा शब्द काढून ती खुशाल छापावी. शिवणकामाच्या हिशेबाला तो कॉम्प्युटर चांगला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वायरमन, कराड (जि. सातारा)