कोलोरॅडोपुढचा रकाना कोरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या चुरशीच्या निवडणुकांवरचा आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. कात्रण काढून ठेवले आहे. पण त्याखाली १८७६ च्या निवडणुकीचा जो तक्ता छापला आहे, त्यात कोलोरॅडोपुढे रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेज यांना किती टक्के मते पडली याचा आकडा आहे. लेखातही ‘कोलोरॅडोच्या नव्याकोऱ्या मतदारांनी हेज यांना तारले’ असे वाक्य आहे. हा टक्क्यांचा आकडा लेखकाला कुठे सापडला, देव जाणे. त्या वर्षी कोलोरॅडोत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालेच नाही. हेज तरले हे खरे, पण त्यांना तिथल्या आमदारांनी तारले.

आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, तसाच काहीसा हा प्रकार. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड निर्वाचक करतात, आणि ते कसे नेमायचे हे राज्यघटनेने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोपवले आहे. सुरुवातीच्या काळात बरीच राज्ये ते काम विधिमंडळातच उरकून घेत. साउथ कॅरोलिनाने तर १८६० पर्यंत जनतेला विचारले नाही. बाकीच्या बहुतेकांनी ही रीत केव्हाच सोडली होती. १८७६ मध्ये कोलोरॅडोने ती एकदाच वापरली आणि त्यानंतर कुठल्याच राज्याने वापरलेली नाही. लेखात खरे तर हे यायला हवे होते.

कोलोरॅडो राज्य झाले ते १ ऑगस्ट १८७६ रोजी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या जाहीरनाम्याने. अडतिसावे राज्य. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्याच वर्षी शंभर वर्षे झाली, म्हणून त्याला आजही शताब्दी राज्य म्हणतात. त्याआधी दोनदा, १८६६ आणि १८६७ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी राज्यत्वाचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. लोकसंख्या फार थोडी, हे एक मोठे कारण. १८७० च्या शिरगणतीत सारी माणसे मिळून चाळीस हजारसुद्धा भरली नाहीत. शेवटी ज्या कायद्याने दार उघडले त्यावर ग्रँट यांची सही ३ मार्च १८७५ ची आहे. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकनांचे बहुमत दुसऱ्या दिवशी संपणार होते, हे लक्षात घेतले की त्या घाईचा अर्थ लागतो.

यात एक गंमतही आहे. त्या कायद्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कोलोरॅडोचा नुकताच निवडून आलेला, पण अजून पदावर न आलेला प्रतिनिधी टॉमस पॅटरसनही धडपडला, आणि तो होता डेमोक्रॅट. आमचे राज्य झाले की ते आपल्याच पक्षाकडे येईल, असे तो स्वपक्षीयांना पटवत फिरत होता. दीड वर्षाने काय झाले ते पुढे सांगतो.

कोलोरॅडोकडे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घ्यायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता, हे नेहमीचे स्पष्टीकरण. आपल्या लेखात ते नाही, पण हे पत्र वाचून कोणीतरी ते पुढे करीलच, म्हणून आधीच लिहितो. पैशाचे मी समजू शकतो. वेळेचे मात्र मला पटत नाही. बारा वर्षांपूर्वीचे नेवाडा बघा. नेवाडाच्या राज्यघटनेच्या टपालाने पाठवलेल्या प्रती वॉशिंग्टनला वेळेत पोचेनात, तेव्हा सगळी घटना, १६,५४३ शब्द, तारेने पाठवली गेली आणि तारेचे बिल झाले ४,३०३ डॉलर २७ सेंट. ३१ ऑक्टोबर १८६४ ला नेवाडा राज्य झाले आणि आठ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, तिथल्या लोकांनी लिंकनसाठी मतेही टाकली. कोलोरॅडोच्या हाताशी तीन महिन्यांहून अधिक दिवस होते. शिवाय ३ ऑक्टोबरला त्यांनी गव्हर्नर आणि विधिमंडळ निवडायला राज्यभर मतदान घेतलेच होते. ओहायो आणि इंडियाना ही राज्ये तर त्या काळी ऑक्टोबरात राज्याचे आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाचे, अशी लागोपाठ दोन मतदाने करीत.

मुळात हा निर्णय ऐन वेळी घाबरून घेतलेलाच नव्हता. घटनासमिती डिसेंबर १८७५ ते मार्च १८७६ डेन्व्हरमध्ये बसली होती आणि तिने घटनेच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टातच हे लिहून ठेवले. ते कलम एकदा वाचण्यासारखे आहे. नव्या विधिमंडळाने सभागृहे स्थापन होऊन अधिकाऱ्यांच्या निवडणुकीची मतमोजणी झाली की दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी निर्वाचक नेमण्याची तजवीज करायची. त्यासाठीचे विधेयक किंवा ठराव छापला नाही तरी चालेल, समितीकडे धाडला नाही तरी चालेल, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी वाचून मोकळे झाले तरी चालेल, आणि गव्हर्नरची संमती लागणार नाही. एरवी साधा कायदा करायचा तर केवढे सोपस्कार! इथे त्यांतला एकेक हेरून आधीच काढून टाकलेला. त्याला लागूनच पुढचे कलम येते : १८७६ नंतर मात्र निर्वाचक जनतेच्या थेट मतानेच निवडले जातील.

विरोधकाचीही बाजू सांगितली पाहिजे. ही घटना १ जुलै १८७६ ला लोकांपुढे मतासाठी ठेवली गेली आणि १५,४४३ विरुद्ध ४,०६२ मतांनी मंजूर झाली. म्हणजे त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे मत मतदारांनी आपल्याच मताने सोडून दिले, असे कोणी म्हणाले तर कागदावर ते चूक नाही. पण संबंध घटनेला एकच हो किंवा नाही म्हणायचे असताना शेवटच्या परिशिष्टातले ते कलम कितीजणांच्या ध्यानात आले असेल? वर्षानुवर्षे ज्या राज्यत्वासाठी हट्ट धरला ते समोर आलेले. त्याला एवढ्यासाठी कोण नाही म्हणणार?

ऑक्टोबरच्या निवडणुकीत रिपब्लिकन जॉन राऊट गव्हर्नर झाले, पण डेमोक्रॅट बेला ह्यूज यांच्यापेक्षा त्यांना हजारभर मतेही जास्त नव्हती. दोन्ही सभागृहे मात्र रिपब्लिकनांच्या हाती आली. पॅटरसनचा हिशेब तिथे चुकला. आमदारांनी नेमलेले तिन्ही निर्वाचक हेज यांचे. त्यांतला ओटो मिअर्स रशियन साम्राज्यात जन्मलेला पोरका ज्यू मुलगा. लहानपणीच अमेरिकेत आला, कोलोरॅडोच्या सान वान डोंगरांत टोलचे रस्ते बांधून नावारूपाला आला. मुलीकडे डेन्व्हरला गेलो होतो तेव्हा कॅपिटल इमारतीत त्याचे रंगीत काचेतले चित्र मान दुखेपर्यंत पाहिले होते. ऊरे ते सिल्व्हर्टन हा आज पर्यटकांच्या तोंडी असलेला डोंगररस्ता त्याच्याच रस्त्यावरून गेला आहे. तो तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांची भाषा बोलायचा. ज्या डोंगरांत हे रस्ते झाले ते यूट लोकांकडून १८७३ च्या करारात घेतलेले. मतदार म्हणून त्यांना तेव्हा कोणी मोजतही नव्हते. बायकांना नव्या घटनेने मत दिले ते फक्त शाळेच्या निवडणुकांत.

आता ‘तारले’ या शब्दाबद्दल. देशभरात डेमोक्रॅट उमेदवार सॅम्युएल टिल्डन यांना हेजपेक्षा सुमारे अडीच लाख मते जास्त होती. निर्वाचकांत शेवटचा आकडा हेज १८५, टिल्डन १८४. कोलोरॅडो राज्य झालेच नसते तर निर्वाचकांची एकूण संख्या ३६९ ऐवजी ३६६, बहुमताला लागणार १८४, आणि टिल्डन यांच्याकडे बरोबर १८४! त्यामुळे त्या तिघांचे वजन लेखकाने सांगितले त्याहून कमी नाही, उलट थोडे जास्तच आहे. अर्थात हा हिशेब जमतो तो फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलिना आणि ऑरेगनमधली वादातली वीसही मते पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशी हेज यांच्या पारड्यात टाकली म्हणून. १ फेब्रुवारी १८७७ ला वॉशिंग्टनमध्ये राज्यांच्या इंग्रजी वर्णक्रमाने मोजणी सुरू झाली. कोलोरॅडोचा नंबर लवकर आला, त्याची तीन मते जमा झाली आणि गाडी पहिल्यांदा अडली ती फ्लोरिडापाशी. पुढे महिनाभर सगळ्यांचे डोळे दक्षिणेकडे लागले होते, त्यामुळेही असेल, कोलोरॅडोचे प्रकरण तळटिपेत जाऊन बसले.

ऑक्टोबरचा कल पाहता लोकांनी मत दिले असते तरी बहुधा हेजच जिंकले असते, असे माझेही मत आहे. पण ‘बहुधा’ची टक्केवारी काढता येत नाही. कोलोरॅडोच्या लोकांनी राष्ट्राध्यक्षासाठी पहिले मत टाकले ते १८८० साली, आणि राज्य गेले रिपब्लिकन उमेदवार गारफील्ड यांच्याकडे. तक्त्यातला तो आकडा नजरचुकीने त्या वर्षाचा तर उचलला गेला नाही ना, एवढे लेखकाने ताडून पाहावे. आणि तक्ता पुन्हा छापायची वेळ आली, तर १८७६ च्या ओळीत कोलोरॅडोपुढे आकड्याच्या जागी एक आडवी रेघ मारावी, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, मिरज