कयाक घेण्याआधी जिना बघ

पुणे, १४ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

तू पाठवलेले कयाकींचे तिन्ही फोटो नीट बघितले. कुठली घेऊ, असं विचारलंस. सांगतो, पण आधी तुझ्या घराकडे बघू. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे आणि त्यांचं-तुझं पार्किंगवरून वाजलेलं. हवेची कयाक, म्हणजे फुगवून वल्हवायची ही छोटी नाव, पाण्यात जेवढी असते त्याच्या कितीतरी पट वेळ ती घरात पडून असते, जिन्यातून वर-खाली होते, कुठेतरी वाळत असते. म्हणून ती निवडताना तळ्यापेक्षा घराचा विचार जास्त करायचा, हे माझं ठाम मत. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला ती वाळवायची नसते.

तुला सगळ्यात जास्त आवडलेली तिसरी, ती कापडी आवरणाची, तीच आधी बाद करतो. बाहेरून जाड पॉलिस्टरचं कापड आणि आत हवेच्या पिशव्या, अशी ती रचना असते. वस्तू वाईट नाही. काट्याकुट्याला कापड बऱ्यापैकी टिकतं, आणि आतली पिशवी गेली तर तेवढीच बदलता येते. पण ते कापड पाणी पितं. पाण्यातून काढल्यावर वजन वाढलेलं असतं आणि शिवणींच्या आतलं पाणी दोन दिवस ठिबकत राहतं. ओली घडी करून पलंगाखाली सरकवलीस तर आठवड्यात बुरशीचा वास, आणि मग वहिनी तुला नि कयाकला एकाच दिवशी घराबाहेर काढतील. अंगण असतं, तर हीच घे म्हटलं असतं.

दुसरी, ती सपाट तळाची, महागडी. तिच्या तळात वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो बारीक धागे असतात, त्यामुळे हवा कितीही भरली तरी तळ फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. ड्रॉप-स्टिच म्हणतात ते हेच. त्यात आठ-दहा पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) दाब चालतो, नाव ताठ राहते, पाणी छान कापते. वल्हवायला तीच सगळ्यात सुखाची, यात वाद नाही. पण त्यात जरा उंच बसावं लागतं, म्हणून नवख्याला सुरुवातीला डुगडुगल्यासारखं वाटतं. घडीही जाडजूड होते. आणि अजून तू पाण्यात एकदाही उतरलेला नाहीस. एवढे पैसे आत्ताच कशाला घालायचे?

राहिली पहिली, साधी पीव्हीसीच्या ट्यूबांची. इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-टू घे उदाहरणाला: लांबी ३१२ सेंटिमीटर, रुंदी ९१, वजन पंधरा-सोळा किलोच्या आसपास. पिशवीत भरून एक माणूस तीन मजले चढवू शकतो. टॉवेलने पुसली, बाल्कनीच्या कठड्यावर तासभर टाकली की वाळली. हवेचे कप्पे तीन, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे दोन काठापर्यंत नेतात. पळायला ती मंद आहे. शांत पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर, म्हणजे संध्याकाळी गणपती मंदिराकडे चालत जातोस त्याहूनही सावकाश. आपल्याला कुठे शर्यत मारायची आहे?

कंपनी १८० किलोचं वजन चालेल म्हणते. तू आणि वहिनी मिळून किती होता ते मी विचारत नाही, पण छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर थांबावं. त्याच्यावर गेलं की नाव खोल बसते, वळत नाही, आणि मागच्याच्या मांडीत सतत पाणी. जोडीने जाणार असाल तर लांबी जास्त असलेली बघ. एकटाच जाणार असशील तर दोघांचीच घेऊन मधे एक सीट लावायची, पाय पसरायला ऐसपैस जागा मिळते.

आता हवा. 'आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून भरून घेतो' असं तू म्हणणार, हे मला माहीत आहे. तसलं काही करू नकोस. टायरला तीस पीएसआय लागतात, हिला जेमतेम एक. कॉम्प्रेसर लावलास तर शिवण कधी उकलली ते कळणारही नाही. वर ओढतानाही हवा भरतो आणि खाली दाबतानाही भरतो असा दुहेरी हातपंप मिळतो, तो घे. दहा मिनिटांत काम होतं. इंटेक्सवाल्यांची दाब मोजायची युक्ती मला फार आवडते. ट्यूबवर एक मोजपट्टी छापलेली असते आणि सोबत प्लॅस्टिकची वेगळी पट्टी देतात. हवा भरत गेलं की पीव्हीसी ताणतं, छापलेल्या रेघा लांब जातात, आणि त्या हातातल्या पट्टीशी जुळल्या की थांबायचं. कप्पे कुठल्या क्रमाने भरायचे ते पुस्तिकेत असतं, तोच क्रम पाळ.

व्हॉल्व्ह मात्र हातात घेऊन बघ. बॉस्टन व्हॉल्व्ह म्हणतात त्याला दोन मजले असतात. वरची छोटी टोपी काढली की आत रबराची पातळ पापणी दिसते. ती हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. खालचं मोठं झाकण फिरवून काढलं की सगळं भोक मोकळं होतं आणि हवा फस्सकन निघून जाते. म्हणजे भरताना वरचं, सोडताना खालचं. त्या पापणीखाली वाळूचा एक कण अडकला तरी नाव हळूहळू मऊ पडते, आणि माणूस उगाच अख्ख्या नावेवर पंक्चर शोधत बसतो. आधी ओलं बोट फिरवून पापणी साफ करायची. मग व्हॉल्व्हवर आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे.

आणि ऊन. हे जरा आकड्यांत सांगतो, कारण आपल्याकडे कयाकी पाण्यात कमी आणि काठावर जास्त फुटतात. सकाळी २५ अंशांना तू १ पीएसआय भरलास. जेवायला काठावर आलास आणि नाव उन्हात ठेवलीस. गडद रंगाचं पीव्हीसी ५० अंशांपर्यंत सहज तापतं. आतल्या हवेचा दाब वाढतो तो वातावरणाचा दाब धरून, म्हणजे बाहेरचे जवळजवळ पंधरा आणि तू भरलेला एक अशा पंधरा-सोळा पीएसआयच्या हिशोबाने. पंचवीस अंश तापल्यावर तो आठ टक्के वाढतो, म्हणजे सव्वा पीएसआयहून जास्त. ट्यूब अजिबात ताणली नाही असं धरलं, तर आतला दाब दुपटीच्या वर गेला! म्हणून काठाला लागलं की नाव सावलीत न्यायची किंवा थोडी हवा सोडायची. उलट गार पाण्यात टाकल्यावर ती मऊ पडते. दहा मिनिटांनी परत येऊन चार पंप मारायचे. गळतेय म्हणून घाबरायचं नाही.

वल्ह्याबद्दल थोडंच. सोबत येतात ती बहुतेक २२० सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात. ९१ सेंटिमीटर रुंदीच्या नावेला ती तोकडी पडतात, हात ट्यूबला घासतात. तुझ्या उंचीला २३० ते २४० घे. हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद धरायचे. दंडाने ओढायचं नाही, कमरेपासून वळायचं. वरच्या हाताने ढकलायचं आणि पातं पायाशी बुडवून कमरेपाशी बाहेर काढायचं. दंडाने ओढणारा माणूस अर्ध्या तासात थकतो. तळाला मागे लावायची पाखी, म्हणजे स्केग, विसरू नकोस. ती नसली की प्रत्येक फटक्याला नाक डावीकडे-उजवीकडे झुलतं आणि सगळी ताकद दिशा सांभाळण्यातच जाते.

जॅकेटबद्दल मी ऐकून घेणार नाही. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्चीच्या गादीसारखी थर्माकोल भरलेली जॅकेटं बोटिंग क्लबवर टांगलेली असतात, तसलं नको. जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवतं ते न्यूटनमध्ये मोजतात. ज्याला चांगलं पोहता येतं त्याला ५० न्यूटनचं वल्हवायला सोपं जातं. तुला पोहता येत नाही, म्हणून १०० न्यूटनचं, मानेमागे उशी असलेलं आणि पायांमधून पट्टा जाणारं. शांत पाण्यात शुद्ध गेलेल्या माणसाचंही तोंड वर राहावं, यासाठी ते बनवलेलं असतं. बसण्याची रीतही सांगून ठेवतो: गुडघाभर पाण्यात नाव धरायची, आधी बूड टेकायचं, मग पाय आत. उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

आता तुमच्या सांगलीच्या कृष्णेचं. 'आयर्विन पुलाखालून औदुंबरपर्यंत जाऊ' असं लिहिलंस ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. अरे, भिलवडी-औदुंबर-डिग्रज पट्ट्यात मगरी आहेत, हे तुला मी पुण्यातून सांगायचं? थंडीत त्या अंग शेकायला काठावर येतात. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत, ज्या दिवसांत आपल्याला वल्हवावंसं वाटतं. आणि आपली नाव पाण्यापासून एक वीत वर, हवेची. मगरीपेक्षाही मला बंधाऱ्यांची भीती जास्त वाटते. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली जागच्या जागी घुसळत राहतं, त्यात माणूस जॅकेट घालूनही गोल गोल फिरत अडकतो. वरच्या बाजूने तर बंधारा जवळ येईपर्यंत दिसतही नाही. महापुरात २०१९ साली एनडीआरएफच्या रबरी बोटी गल्लीबोळांतून फिरताना बघितल्यास म्हणून तुला वाटत असेल की रबरी नाव कुठेही चालते. त्या जाड कापडाच्या, कडक तळाच्या, मागे इंजिन आणि वर शिकलेले जवान. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

तर बेत असा. तू काही विकत घेऊ नकोस. माझी साधी पीव्हीसीचीच आहे, ती घेऊन मी भोरला येतो. तू कराड-साताऱ्यावरून ये, खंबाटकी उतरून शिरवळवरून भोरला वळ. भाटघर धरणाचं पाणी, वेळवंडी नदीवरचा येसाजी कंक जलाशय, पावसाळा संपल्यावर भरलेलं असतं आणि अजून फेब्रुवारीपर्यंत चांगलं राहील. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठाला मांडीभर गाळ आणि पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट, ते ट्यूबला वाईट. कुठून उतरायचं ते आधी गावात आणि धरणावरच्या माणसांना विचारून ठरवतो. पाटबंधारे खात्याने नाही म्हटलं तर नाही, दुसरीकडे जाऊ. बाभळीचे काटे आणि दारूच्या बाटल्यांच्या काचा बघूनच नाव खाली ठेवायची. थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की समज, खाली जाळं आहे. लांबून वळसा घालायचा. ते कुणाचं तरी पोट आहे.

आणि वारा. हवेच्या कयाकीचा खरा शत्रू तोच, कारण तिचं बहुतेक अंग पाण्याच्या वर असतं. आपल्या मावळातल्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात, म्हणून पवना म्हण, मुळशी म्हण, भाटघर म्हण, भिंत साधारण पूर्वेच्या अंगाला. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो दरीतून थेट भिंतीकडे रेटतो. बेसावध बसलेल्या माणसाची नाव कळायच्या आत तिकडे सरकते. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, ताकद आहे तोवर, आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा. उजाडता उजाडता पाण्यात आणि साडेनऊ-दहाला बाहेर. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला तर उतरायचंच नाही. मग भोरचा राजवाडा बघू आणि मिसळ खाऊन घरी जाऊ. सांगलीहून पहाटे निघून हे जमणार नाही, आदल्या रात्री भोरला मुक्काम कर.

दोन तास वल्हवून बघ. मग नाव धुणं, पुसणं, घडी घालणं, पिशवीत कोंबणं हे सगळं तुझ्याच हातांनी करायचं. ती पिशवीत पहिल्या फटक्यात कधीच मावत नाही, हेही बघून घे. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर घे, मी पंप भेट देईन.

वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनाही आण. येताना भडंग आण, पण ते काठावर खायचं. नावेत कांदा चिरायला जागा नाही.

तुझा,
सुध्या

ता. क. जॅकेट मात्र आत्ताच मागव, छातीचं माप घेऊन. तुझ्या मापाचं माझ्याकडे नाही, आणि वहिनींसाठी लागेल ते वेगळं.