ओंकारच्या डोळ्याबद्दल

ड्रेस्डेन, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

ओंकारचे दोन्ही रिपोर्ट आणि दवाखान्याने दिलेला खर्चाचा कागद नीट पाहिला. त्याचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे येतोय (केरॅटोकोनस), आणि ते थांबवायला 'क्रॉसलिंकिंग' सुचवलंय. त्याच्याच एका कागदावर 'स्टँडर्ड', 'अ‍ॅक्सिलरेटेड' आणि 'एपी-ऑन' अशी तीन नावं लिहून वर 'तुम्ही ठरवा' म्हटलं, की कुणीही गोंधळेल. म्हणून सविस्तर लिहितेय.

दादा फोनवर सारखा 'लेसर' म्हणत होता. क्रॉसलिंकिंग म्हणजे लेसर नाही. रायबोफ्लेविन म्हणजे आपलं बी-2 जीवनसत्त्व. त्याचे पिवळे थेंब कॉर्नियात मुरवतात आणि त्यावर 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात. त्याने आतले कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधले जातात, कॉर्निया ताठ होतो आणि शंकूसारखा पुढे यायचा थांबतो. चष्म्याचा नंबर मात्र याने जात नाही. पुढेही चष्मा किंवा कडक (आरजीपी) लेन्स लागेलच. कुणी 'चष्मा सुटेल' म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका.

करायचं की नाही, याचं उत्तर रिपोर्टमध्येच आहे. उजव्या डोळ्याचा के-मॅक्स, म्हणजे कॉर्निया जिथे सगळ्यात जास्त बाकदार आहे तिथला आकडा, आठ महिन्यांत 51.2 वरून 52.9 डायॉप्टर झाला. वर्षात एक डायॉप्टर वाढला तरी आजार पुढे सरकतोय असं धरतात, आणि सोळाव्या वर्षी तो फार भराभर सरकतो. ब्रिटनमध्ये 10 ते 16 वयाच्या 60 मुलांची पाहणी झाली होती. दीड वर्षानंतर क्रॉसलिंकिंग केलेल्यांत 7 टक्के मुलांचा आजार वाढला होता, नुसत्या चष्मा-लेन्सवर ठेवलेल्यांत 43 टक्के. म्हणून उजवा करून टाका. डावा 46.8 चा 46.9 झालाय. एवढा फरक मशीनच्या मोजणीतही पडतो, तेव्हा त्याला दर तीन महिन्यांनी त्याच मशीनवर तपासा. ओंकार मधूनमधून सॉफ्ट लेन्स घालतो ना? तपासणीआधी निदान आठवडाभर ती काढलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो.

आता त्या तीन नावांकडे. 'स्टँडर्ड' म्हणजे इथली, ड्रेस्डेनची मूळ पद्धत. वोलेनझाक, श्पोअर्ल आणि झायलर यांनी 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. कॉर्नियावरची एपिथेलियमची साल मधोमध 8-9 मिलिमीटर खरवडतात, अर्धा तास थेंब घालतात आणि 3 मिलिवॅटचा प्रकाश अर्धा तास देतात. एकूण ऊर्जा 5.4 जूल, दर चौरस सेंटिमीटरला. 'अ‍ॅक्सिलरेटेड'मध्ये तेवढीच ऊर्जा कमी वेळात देतात: 9 मिलिवॅट 10 मिनिटं, 18 मिलिवॅट 5 मिनिटं, नाहीतर 30 मिलिवॅट 3 मिनिटं. गुणाकार केलात तर सगळीकडे 5.4 च येतं.

पण कॉर्निया गुणाकारावर चालत नाही. धागे बांधले जायला ऑक्सिजन लागतो. प्रकाश पडला की आतला ऑक्सिजन काही सेकंदांतच संपतो आणि मग तो हवेतून हळूहळू झिरपत येईल तेवढाच. प्रकाश जितका जोरदार, तितकी ही तूट मोठी आणि परिणाम तितका वरवरचा. महिन्याभराने ओसीटीत (कॉर्नियाचा छेद दाखवणारा स्कॅन) कॉर्नियात एक फिकट रेघ दिसते. परिणाम कुठवर पोचला हे तिच्यावरून कळतं. ड्रेस्डेन पद्धतीत ती सुमारे 300 मायक्रॉन (0.3 मिलिमीटर) खोल असते, झटपट पद्धतींत बरीच वर. म्हणून 9 मिलिवॅट 10 मिनिटं म्हणाले तर हरकत नाही. 3 मिनिटांचं ओंकारसाठी नको.

'एपी-ऑन'मध्ये साल काढत नाहीत. दुखत कमी, जंतुसंसर्गाची भीतीही कमी, म्हणून वहिनींचा ओढा तिकडे दिसतो. अडचण अशी की ती साल थेंब, प्रकाश आणि ऑक्सिजन तिघांनाही अडवते. खास औषध आणि डोळ्यावर ऑक्सिजन सोडणारे गॉगल वापरून हे बरंच सुधारलंय. पण नुसतं 'साल न काढता' एवढंच लिहिलं असेल, तर आजार भराभर वाढणाऱ्या मुलाला मी ते सुचवणार नाही. दोन दिवसांचं दुखणं वाचवायला जाऊन पुन्हा टेबलावर झोपायची वेळ यायला नको.

खरी मेख जाडीत आहे. उजव्या कॉर्नियाची सगळ्यात पातळ जागा 438 मायक्रॉन लिहिलीय. त्यात साल धरलेली आहे! ती काढली की चाळीसेक मायक्रॉन जातील, म्हणजे उरतील 400 च्या आसपास, आणि 400 हीच मर्यादा. त्याखाली अतिनील प्रकाश सगळ्यात आतल्या पेशींच्या थरापर्यंत, एंडोथेलियमपर्यंत पोचतो, आणि त्या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. त्यात जुन्या पद्धतीच्या डेक्स्ट्रानवाल्या थेंबांनी कॉर्नियातलं पाणी ओढलं जाऊन तो टेबलावरच आणखी पातळ होतो. म्हणून डॉक्टरांना विचारा: थेंब डेक्स्ट्रानचे की कॉर्निया तितका पातळ न करणाऱ्या एचपीएमसीचे? साल काढल्यावर आणि प्रकाश सुरू करायच्या आधी, अशी दोनदा जाडी मोजणार का? कमी भरली तर कॉर्निया फुगवणारे हायपो-ऑस्मोलर थेंब तयार आहेत का? यावर 'त्याची गरज नसते' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कागदाच्या तळाशी 'सोबत लेसर' असाही एक पर्याय आहे. तो कॉर्नियाच तासतो. इतक्या पातळ डोळ्यावर त्याचा विचारही नको.

नंतरचं वहिनींसाठी. डोळ्यावर चार-पाच दिवस बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ लेन्स) राहील. ती निघाली तर परत घालायची नाही, दवाखान्यात जायचं. पहिले दोन दिवस पाणी, चुरचुर आणि दुखणं चालायचंच, गोळ्या द्या. बधिर करणारे थेंब घरी अजिबात नकोत, त्याने जखम भरत नाही. दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी न्या, रात्र असली तरी. ओठावर ताप उतरल्यासारखे फोड त्याला वारंवार येत असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. नागिणीच्या जातीचा तो विषाणू या प्रकाशाने डोळ्यात पुन्हा जागा होऊ शकतो. स्टिरॉइडचे थेंब सांगितलेत तसेच हळूहळू कमी करा आणि मध्ये डोळ्याचा दाब तपासून घ्या. महिनाभर पोहणं बंद. पहिला महिना आधीपेक्षा धुरकट दिसेल, त्याने घाबरू नका. ते तीनेक महिन्यांत निवळतं. के-मॅक्स थांबला की नाही, हे सहा महिन्यांनी आणि वर्षाने कळेल.

आणि त्याचं ते डोळे चोळणं. मुठीच्या सांध्याने कचाकचा चोळतो, व्हिडिओ कॉलवरसुद्धा दिसतं. अ‍ॅलर्जीचे थेंब आतापासूनच नियमित सुरू करायला सांगा, खाज आली की थंड पाण्याची पट्टी. झोपेत उजवी कड दाबून पालथा झोपतो का, तेही बघा. हे चालूच राहिलं तर केलेल्या उपचारावर पाणी पडेल.

तारीख ठरली की कळवा. थेंबांच्या बाटलीचा फोटोही पाठवा, नाव वाचून सांगते. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुमची,
सुमा