लॅबमध्ये तुटफूट होऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यात माझे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे दुकान आहे. पाण्यातल्या मोटारी भरता भरता 31 वर्षे झाली. शिक्षण दहावी नापास, तेव्हा लिहिण्यात चूकभूल द्यावीघ्यावी.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला नातीच्या शाळेने बोलावले होते. भाषणे झाली, नारळ फुटला, मग टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू जोडून-बनवून शिकायची खोली दाखवली. थ्रीडी प्रिंटरवर कारखान्यातून आलेली प्लास्टिकची पिशवी तशीच. आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांची खोकी न फोडलेली. तारा डागायचे सोल्डरिंग आयर्न हातात घेतले, तर टोक लखलखीत! माझ्या दुकानातले टोक दोन महिन्यांत झिजून काळे पडते. पुढे काही विचारायची गरजच नव्हती.

तरी सरांना बाजूला घेऊन विचारले. म्हणाले, "आबा, सगळं डेडस्टॉकला चढलेलं आहे. एक बोर्ड जळला तर खुलासा मी द्यायचा." डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही. सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कुलूपच लावले असते.

पुढच्या रविवारी नात पाच-सहा पोरांना घेऊन दुकानात आली. त्यांना एक मोठा खिळा, एक सेल आणि मोटारीची उरलेली तांब्याची तार दिली. पुस्तकातला विद्युतचुंबक सगळ्यांना पाठ होता. पन्नास वेढे मारले, तारेची टोके सेलला लावली, पण टाचणी काही चिकटेना. सेल बदलला, खिळा बदलला, वेढे शंभर केले. बिघाड कुठे आहे ते मला पहिल्या नजरेतच दिसले होते, पण तोंड मिटून बसलो (माझ्यासारख्याला हे फार अवघड). दहा-बारा मिनिटांनी एका मुलीने तारेवर नख ओढले आणि ओरडली, "आबा, तारले ते रंग लायेल शे!" त्या रंगालाच आम्ही इनॅमल म्हणतो. तो नसता तर वेढे एकमेकांना शॉर्ट झाले असते. ब्लेडने टोके खरवडली आणि एका दमात सात टाचण्या चिकटल्या.

सेल तापला, मग तो का तापला हे निघाले. म्हणून जास्त करंटने काय होते ते दाखवायला एक जळका स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग, ज्यात तारेच्या कॉइल बसतात) पुढे ठेवला. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलचे एकेक टोक एकत्र जोडलेल्या) मोटारीचा एक फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक, गेला की उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो. त्या दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात, तिसऱ्याच्या कोऱ्या राहतात. पोरांनी बोट ठेवून मोजले आणि कोणता फेज गेला होता ते सांगितले. त्यातल्या एकाच्या वडिलांची मोटार मागच्याच महिन्यात अशीच जळली होती. तो बराच वेळ स्टेटरजवळून हलला नाही.

2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50 हजार टिंकरिंग लॅब उघडण्याची घोषणा झाली आहे. आनंद आहे. पण त्यासोबत एक साधे पत्रक निघावे: मुलांच्या हातून जळलेल्या, तुटलेल्या वस्तूचे निर्लेखन (नोंदवहीतून नाव कमी करणे) मुख्याध्यापकांच्या सहीने तिथल्या तिथे होईल, कोणाकडून वसुली होणार नाही. वर्षअखेरीस ज्या लॅबमध्ये काहीच तुटलेले नाही, तिचा खुलासा मागावा.

दुसरे, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार वगैरेंकडे शिकावे असे आहे. वाइंडिंगवाला त्यात नाही, पण 'वगैरे'त मी बसतो. आमच्या रस्त्यावर वेल्डर आहे, ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, ड्रिपची फिटिंग करणारे दोघे आहेत. आजवर कोणत्याही शाळेने आम्हाला विचारलेले नाही.

आता केळीला पाणी वाढेल, मोटारीही जळतील. चार जळके स्टेटर पोरांसाठी बाजूला काढून ठेवले आहेत. रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडे असते.

आपला,
एक मोटार वाइंडिंगवाला, ता. चोपडा, जि. जळगाव

(नात त्याच शाळेत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)