मिस, तुमच्या ‘नको’बद्दल

प्रिय मिस,

परवा पहिल्यांदा काउंटेस गायले. मोत्सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेरात अकरा वर्षं सुझाना केली, म्हणजे घरची मोलकरीण. आता मालकीण झाले. वांद्र्याच्या तुमच्या खोलीत तुम्ही म्हणाला होतात, “काउंटेस पस्तिशीनंतर. आधी कुणी दिली तरी घेऊ नकोस.” नेमकी छत्तिसाव्या वर्षी मिळाली.

हे चारचौघांसमोर लिहितेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचं लांब लिखाण तुम्ही वाचत नाही. भाचीकडून मोठ्याने वाचून घ्या.

दादरला पाच वर्षं ख्याल शिकून मी तुमच्याकडे आले आणि पियानोशेजारी उभी राहून पहिलंच विचारलं, “मिस, माझा सा पेटीच्या काळी पाचवर आहे, चालेल ना?” तुम्ही किती हसलात! इथे पट्टी गाणाऱ्याला विचारून ठरत नाही, ती लिहून ठेवलेली असते, हे पचायला दोन महिने गेले. मींड सुटायला दोन वर्षं. दोन स्वरांमध्ये घसरले की तुमची पेन्सिल पियानोच्या झाकणावर टक्कन वाजायची. मोत्सार्टच्याच ‘मॅजिक फ्लूट’मधली पमिनाची आरिया, म्हणजे तिचं एकटीचं गाणं, तर महिनाभर गाऊच दिली नाहीत, नुसते जर्मन शब्द बोलायला लावलेत, श्वासाच्या जागांसकट. “पयलीं उतर, मागीर सूर.” आधी शब्द, मग सूर.

पण खरे आभार मानायचेत ते त्या ‘नको’चे. जर्मनीत आल्यावर एका एजंटने माझा वरचा एफ, म्हणजे अगदी टोकाचा उंच स्वर, ऐकला आणि म्हणाला, तू ‘मॅजिक फ्लूट’मधली क्वीन ऑफ द नाइट गा. इथली थिएटरं सोप्रानोला, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात उंच आवाजाला, प्रकारांच्या खणांत ठेवतात: सूब्रेट, लिरिक, कोलोरातुरा, ड्रॅमॅटिक. एकदा ज्या खणात गेलात त्यातून बाहेर पडणं कठीण. करारही बहुतेक सीझनपुरता. पुढे ठेवणार नसतील तर तसं ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास फराळाऐवजी पोटात गोळा असतो. माझ्याकडे तर करारही नव्हता. चालून आलेलं काम सोडायचं कसं? मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. तुम्ही फोनवरच गायला लावलंत आणि म्हणालात, “तो एफ तुझा न्हय गो, उसना आहे. रोज काढलास तर मधला आवाज जाईल. नको.”

मी चिडले होते. तीन महिने तुम्हाला फोन केला नाही, हे आज कबूल करते.

मग एका छोट्या गावात सुझाना गाणारी आजारी पडली. सकाळी दहाला निरोप, दुपारची ट्रेन, दुसरीच्या मापाचा झगा पाठीमागे सेफ्टी पिनांनी आवळलेला. त्यातून पुढचं सगळं घडलं.

काउंटेसला पहिल्या अंकात एंट्रीच नाही. पाऊण तास विंगेत थर्मासमधलं कोमट पाणी पीत उभी होते. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो आणि थेट तिची आरिया, ‘पोर्जी आमोर’. गळा तापवायला आधी एक ओळसुद्धा नाही, माइक तर नाहीच. क्लॅरिनेट सुरू झाल्या आणि मी आवाज न करता ओठांनी शब्द म्हणून घेतले. त्या आरियातला सगळ्यात वरचा स्वर फक्त ए फ्लॅट आहे, मिस. माझा, उसना नाही.

ऑगस्टमध्ये थिएटर बंद झालं की येतेय. पेन्सिल काढून ठेवा, तिसऱ्या अंकातल्या आरियात अजून घसरते.

तुमची,
काळी पाच