झाडं वाळलेली नाहीत, पानं गाळून उभी आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर देशी झाडांची एक लहानशी वनराई आहे. तिच्यातली पायवाट इतकी छोटी, की रमतगमत गेलं तरी पंचवीस मिनिटांत माणूस फाटकापाशी परत येतो. अजिंक्यतारा चढणं माझ्या गुडघ्यांनी बंद केलं, तेव्हापासून मी रोज सकाळी इथेच असतो. परवा फाटकापाशी दोघे जण टेप धरून वाटेची रुंदी मोजत होते. विचारलं तर म्हणाले, "काका, सुशोभीकरण आहे. झाडं वाळलीत म्हणून लोकांच्या तक्रारी आहेत." पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना पाम, मधल्या मोकळ्या जागेत लॉन आणि वर, जिथून यवतेश्वरचा डोंगर दिसतो तिथे सेल्फी पॉइंट, असा एकूण बेत आहे म्हणे.

झाडं वाळलेली नाहीत हो! मार्च चालू आहे. आपल्या भागात पावसाचे चार महिने, पुढचे आठ कोरडे. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून उन्हं तापायच्या आत आपली रानझाडं पानंच टाकून मोकळी होतात. आपला जिल्हा तर या बाबतीत अजब आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. तिकडे घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी बारा महिने हिरवी राहतात, त्यांना परवडतं. पूर्वेकडे सरकावं तसं झाडाला पाणी जपून वापरावं लागतं. आपण साताऱ्याचे लोक दोन्हींच्या मध्ये. आणि जिथे नळाला पाणी कधी येईल याची आपण वाट बघतो, तिथे पाम आणि लॉन जगवायला उन्हाळाभर टँकर लावायचा?

तक्रार करणाऱ्यांनी एकदा सकाळी सातच्या आत यावं. फाटकाजवळच्या काटेसावरीवर पान नाही, पण मांसल लाल फुलांचा खाली सडा असतो आणि वर मैना-बुलबुलांची भांडणं. थोडं पुढे वावळ. त्याच्या पातळ पापड्या वाऱ्यासरशी वाटेवर घरंगळत येतात. लहानपणी आम्ही त्या चोळून आतलं बी खायचो. वळणावरची कोशिंब सध्या अशी लालेलाल झाली आहे, की नवखा माणूस ती फुलं समजतो. ती फुलं नाहीत, कोवळी पालवी आहे. दहा-पंधरा दिवसांत तांबूस होऊन मग हिरवी होईल. वाटेच्या शेवटी उंबर. त्याला फळं आली की हिरव्या-पिवळ्या रंगाचे हरियाल येतात. आपला राज्यपक्षी म्हणून पुस्तकात सगळे वाचतात. प्रत्यक्ष बघायचा तर उंबराखाली मान मोडेपर्यंत वर बघत उभं राहावं लागतं, कारण पानांत तो दिसतच नाही. सेल्फी पॉइंटवर तो यायचा नाही.

परदेशी झाडांशी माझं वैर नाही. मादागास्करहून आलेल्या गुलमोहराच्या सावलीत माझी निम्मी नोकरी गेली. पण रस्त्याच्या कडेला आणि शाळांच्या आवारात तो सगळीकडे आहेच. महामार्गाच्या रुंदीकरणात दुतर्फाचे जुने वड गेले, ते आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलं. देशी झाडांसाठी मुद्दाम राखलेली एवढी एक जागा तरी तशीच राहू द्यावी.

आता पालापाचोळ्याबद्दल. वाट 'स्वच्छ' करायची म्हणून इथे झाडांच्या बुंध्याशी पाला गोळा करून पेटवतात. मागच्या आठवड्यात मी स्वतः पाहिलं, एका लहान शिवणीची साल एका बाजूने करपून गेली. वनखातं डोंगरावर जाळरेषा काढतं ते वेगळं. ती आग वणवा अडवायला असते. मार्चमध्ये टेकडीच्या उतारावर, वाळल्या गवताच्या शेजारी पाचोळा पेटवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. दरवर्षी आसपासचे डोंगर काळे झालेले आपण बघतोच. तो पाला तिथेच आळ्यात पसरला, तर जमिनीतली ओल टिकते आणि आगपेटीचा खर्चही वाचतो.

एक गोष्ट मात्र सुधारायला हवी. झाडांवरच्या पाट्या चक्क खिळ्यांनी ठोकल्या आहेत. ते बाजूला ठेवलं तरी वाटेच्या मध्यावरच्या झाडावर 'अर्जुन' अशी पाटी आहे. मीही तीन वर्षं त्याला अर्जुनच म्हणत होतो. रोपांना पाणी घालायला येणाऱ्या जावळीकडच्या एक मावशी आहेत. एकदा माझ्या तोंडून ते नाव ऐकलं आणि हसल्या. झाडावर हात थापटून म्हणाल्या, "अर्जुन कुठला? ऐन हाय ह्यो. अर्जुन वड्याकडंला असतुया. साल बघा की!" खरंच होतं. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी, तिच्या ढलप्या सुटतात. या झाडाची साल काळपट, चौकोनी भेगांची, सुसरीच्या पाठीसारखी. दोघं एकाच कुळातले, दोघांच्या फळांना पाच पंख. त्यामुळे नर्सरीत गफलत झाली असेल, समजण्यासारखं आहे. पण पाटी लिहिणाऱ्याने झाडाकडे पाहिलंच नाही, हेही दिसतं.

संबंधितांना विनंती, की सुशोभीकरणाचे पैसे उरलेच तर दोन उन्हाळे रोपांना पाणी घालणाऱ्या माणसांच्या मजुरीवर खर्च करावेत. पाट्या खिळ्यांऐवजी शेजारी खांब रोवून लावाव्यात आणि लिहिण्याआधी त्या मावशींना सोबत घेऊन एक फेरी मारावी. पंचवीसच मिनिटं लागतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुलांच्या सहली येतील, त्याआधी ऐनाची पाटी तेवढी बदलून घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा